गोदाबाई ड्यूटीवर आहेत

डॉक्टर खांबेटे कापडाच्या बाईला 'अहो बाई' म्हणतात आणि चांगल्या शिकलेल्या डॉक्टरांना गाढव म्हणतात. दोन्ही तोंडावर. बाईला ऐकू येत नाही आणि डॉक्टरांना मराठी येत नाही, म्हणून आजवर तक्रार झालेली नाही. एकदा गुरमीत सिंग नावाच्या सरदार डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "निकम जी, यह गाढव क्या होता है?" मी म्हणलं, "गाढा विद्वान." तेव्हापासून तो इतका खूष की खांबेट्यांनी एखाद्या दिवशी गाढव म्हणलं नाही तर त्याचं तोंड उतरायचं.

मी माण तालुक्यातला. शाळा चौथीपर्यंत. फौजेत ड्रायव्हर होतो, सुटल्यावर चंदीगडलाच राहिलो आणि या ट्रेनिंग सेंटरची जीप चालवायला लागलो. घर मनीमाजऱ्यात. सेंटरवर पंजाबातल्या खेड्यापाड्यांच्या दवाखान्यांतले डॉक्टर शिकायला येतात. डॉक्टर झालेलेच असतात, पण खांबेटे म्हणतात, "यांना डिग्री मिळाली आहे, हात अजून मिळायचे आहेत."

पाटीवर हिंदीत 'उच्च शिक्षा' असं लिहिलंय. आमच्या हौसानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पहिल्या दिवशी ती पाटी माझ्याकडून वाचून घेतली आणि घाबरून विचारलं, "आवं, उच्च शिक्षा म्हंजी फाशी का? काय केलं ह्या पोरांनी?" मी सांगितलं की इकडं शिक्षा म्हणजे शिक्षण. पण खांबेट्यांचा वर्ग बघितल्यावर मला वाटतं, तिचंच बरोबर होतं.

इकडं पंजाबात सध्या अतिरेक्यांचं काय चाललंय ते तुम्ही पेपरात वाचताच. अंधार पडला की रस्ते ओस. पूर्वी खेड्यात एखादी बाई अडली की डॉक्टर चिठ्ठी देऊन तिला शहरात पाठवायचा आणि हात धुवायचा. आता बस नाही, आणि ट्रॅक्टरवाला म्हणतो, मला इथंच गोळी घाला, तेवढं डिझेल वाचेल. म्हणजे जे करायचं ते तिथंच, त्याच डॉक्टरनं, आणि बहुतेक वेळा दिव्याशिवाय. मूल पायाळू असलं तर कसं काढायचं, पोट फाडून कसं काढायचं, छातीत गोळी लागली तर नळी कशी घालायची, हे सगळं खांबेटे शिकवतात.

शिकवतात कसं, ते ऐका. छातीसाठी मनीमाजऱ्याच्या खाटकाकडून बोकडाची आख्खी बरगडी आणायची. खाटकानं एकदा विचारलं, "डॉक्टर साब, कितने बंदे खाने वाले हैं?" खांबेटे म्हणाले, "आठ डॉक्टर हैं. खाएँगे नहीं, भोक पाडेंगे." खाटकानं त्या दिवशी पैसे आधी घेतले. वर्ग संपल्यावर ती बरगडी मी घरी नेली तर हौसानं दारातूनच परत पाठवली. "नळी घातल्यालं मटण मी शिजवायची न्हाय. कुणाच्या छातीत काय व्हतं कुणाला ठाव!"

मध्येच खांबेटे वर्गाचे दिवे घालवतात. पडदे ओढून घेतात आणि ओरडतात, "आँख मिटो! आँख पगार खाती है, काम हाथ करता है!" बिचारे डॉक्टर अंधारात चाचपडत टाके घालतात. एकानं स्वतःची बाही बोकडाला शिवली होती. खांबेट्यांनी तपासून सांगितलं, "टाका चांगला आहे. पेशंट चुकला."

आता गोदाबाईंचं सांगतो. बाळंतपण शिकवायला परदेशात रबराच्या बायका मिळतात म्हणे. खांबेट्यांनी मागणी केली, वरून उत्तर आलं की बजेटमध्ये बाई बसत नाही. त्याच आठवड्यात ते आमच्याकडं भाकरी खायला आले होते. हात धुऊन बसले ते हौसाच्या गोधडीवर. बोटांनी दाबून बघितली, उलटी करून बघितली, आणि म्हणाले, "हौसाताई, अशी एक बाई शिवाल का? गरोदर?"

हौसा म्हणाली, "मी गोधडी शिवते. बाई शिवायचं काम देवाचं."

"देवाचा सप्लाय भरपूर आहे हो. मला एकच हवी आहे, पुन्हा पुन्हा बाळंत होणारी."

झालं. आत वेताची कंबर, त्यावर सायकलच्या ट्यूबा, त्यावर जुन्या लुगड्यांचे थर. पोटावर मात्र हौसानं तिचं लग्नातलं हिरवं लुगडं घातलं. मी ओरडलो. ती म्हणाली, "बाई बाळंतपणाला चालली आन अंगावर चिंध्या? आलेली डाक्टरं काय म्हनत्याल?" वरून लाल दोऱ्यानं धावदोरा घातला. गोधडीची म्हणून तिचं नाव गोदाबाई. पंजाबी डॉक्टर तिला 'गोदा बीजी' म्हणतात. बीजी म्हणजे आई. मूल म्हणून बाजारातून एक रबरी बाहुली आणली. टेबलाखाली बसून ती पुढं ढकलायचं काम माझं. सरकारी कागदावर मी ड्रायव्हर आहे.

खांबेट्यांना तो धावदोरा मात्र पसंत नव्हता. "ताई, माझ्या एखाद्या सर्जननं असा टाका घातला तर मी त्याला हाकलून देईन."

"डाक्टर, तुमी माणसं शिवता. त्यातली मरत्यात बी. माझी एक तरी गोधडी मेली का?"

खांबेट्यांनी गोदाबाईंना उचललं आणि जीपमध्ये जाऊन बसले.

गुरमीतच्या बॅचचा पहिला दिवस मी विसरणार नाही. टेबलावर गोदाबाई, खाली मी. गुरमीत हात पुढं करून मूल ओढायला लागला. खांबेटे कडाडले, "खींचो मत! घाई किसको है? अभी कुछ करने का नहीं. कळ आने दो. कळ आने के बाद मैं देखता है." आणि चहा प्यायला गेले.

परत आले तर वर्ग रिकामा. वाकून टेबलाखाली बघितलं. "निकम, गाढवं कुठं गेली?"

मी म्हणलं, "मला खालून फक्त बूट दिसतात. बूट गेले."

ते सगळे सेक्टर सतराला पिक्चर बघायला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळी करून वेळेवर हजर. गुरमीत पुढं झाला, छाती काढून म्हणाला, "सर, आपने कहा था, कल आने दो. कल आ गया."

खांबेट्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. "गाढवांनो! बाई काल दुपारपासून अडली आहे, आणि तुम्ही पिक्चर बघितलात? कल नाही रे! कळ! कळ! पोट में जो आती है!" जेवढं ओरडतील तेवढं पोरांना 'कल' ऐकू येत होतं. एकानं तर विचारलं, "सर, तो फिर परसों आएँ?"

हौसा माझा डबा घेऊन आली होती, ती दारात उभी राहून ऐकत होती. तिनं डबा खाली ठेवला, स्टुलावर बसली, पोट धरलं आणि अशी एक आरोळी मारली की शेजारच्या खोलीतला क्लार्क टाइप करायचं सोडून पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला. मग पदर सारखा करून ती शांतपणे म्हणाली, "ही कळ. ही आल्याबिगर वढायचं न्हाय."

"ओ जी, पीड़!" सगळा वर्ग एकदम म्हणाला.

मी खांबेट्यांना सुचवलं, तुम्हीपण पीड़च म्हणा की. ते म्हणाले, "पीडा हे लोक आहेत. बाईला येते ती कळ." तेव्हापासून प्रत्येक बॅचला पहिला शब्द हाच शिकवतात. पंजाबी जिभेला 'ळ' जड नाही. त्यांच्याकडंही आहे तो, पण अर्थ कळेपर्यंत ऐकू आला नव्हता. आता खेड्यापाड्यांत कितीतरी सरदार डॉक्टर 'कळ आई?' असं विचारत असतील आणि तिथल्या बायका गोंधळात पडत असतील.

पण त्यातूनही घोळ झालाच. पुढच्या आठवड्यात खांबेट्यांना दिवे घालवायचे होते. गुरमीत बटणाजवळ उभा होता. खांबेटे जुन्या वळणाचे. भिंतीकडं बोट करून म्हणाले, "गुरमीत, कळ दबाओ." गुरमीत आता शिकलेला होता. त्यानं दोन पावलं टाकली आणि दोन्ही हातांनी गोदाबाईंचं पोट सगळ्या ताकदीनिशी दाबलं. बाळ सुटलं ते थेट माझ्या कपाळावर. ऑपरेशन शिकायला आलेल्या एवढ्या डॉक्टरांमध्ये माझ्या कपाळाला आयोडीन लावायला मात्र कुणाकडं कापूस नव्हता.

कधी कधी गोदाबाईंना जीपमध्ये मागं झोपवून आम्ही खेड्यातल्या दवाखान्यावर शिकवायला जातो. एकदा नाक्यावर जवानानं अडवलं. मागं बघितलं, चादरीखाली माणूस. बंदूक सरळ केली. "कौन है यह?"

मी म्हणलं, "गोदाबाई."

"ज़िंदा है?"

मी काही बोलायच्या आत खांबेटे उतरले. जवानानं चादर ओढली, बंदुकीची नळी पोटावर टेकवून बघायला लागला, तर खांबेटे त्याच्यावर धावले. "ए! हळू! पूरे दिन भरे हैं उसके! तुम्हारे घर में माँ-बहन है कि नहीं?" जवानानं बंदूक मागं घेतली, आणि चक्क गोदाबाईंना म्हणाला, "माफ करना, बहन जी." पुढं गेल्यावर मी म्हणलं, "डॉक्टर, तो गोळी घालणार होता." ते म्हणाले, "मग गोदाबाईंच्या पोटातून गोळी काढून दाखवली असती. शिकवायला बरं."

खांबेट्यांना बायकामुलं नाहीत. सेक्टरमधल्या सरकारी घरात एकटे राहतात. तिथं एक खुर्ची आहे. कुणी गेलं तर ते स्वतः उभे राहतात, म्हणून कुणी जात नाही. जेवण मेसमधलं. पण गोदाबाई आल्यापासून एक नवलच सुरू झालं. दर शनिवारी गोदाबाई उसवायला लागल्या. आठवडाभर आठ डॉक्टर ओढाताण करायचे तेव्हा काही नाही, आणि शनिवारी दुपारी नेमकी कुशीची शिवण जायची. मग खांबेटे मला सांगायचे, "निकम, गोदाबाईंना माहेरी न्यायला हवं," आणि तिला मांडीवर घेऊन जीपमध्ये पुढं बसायचे. हौसा शिवण घालायची. तोवर भाकरी झालेल्या असायच्या, मग जेवूनच जायचं. जेवताना ते शिवण बघून नावं ठेवायचे आणि ती त्यांच्या ताटात ठेचा वाढायची. नावं ठेवणं वाढलं की ठेचा वाढायचा.

एकदा ते गेल्यावर हौसा हसत बसली. मला वाटलं, वेड लागलं हिला. तिनं दोऱ्याचं टोक दाखवलं. "ह्ये उसवल्यालं न्हाय. उसवलं की दोरा पिंजतो. ह्ये कापलंय, सरळ. डाक्टराच्या सुरीनं."

मी म्हणलं, "आत्ता जाऊन विचारतो त्याला!"

"गप बसा. माणूस जेवाया येतो म्हनायला लाजतो. त्याला काय बोलायचं न्हाय." आणि तिनं पीठ जास्त मळायला घेतलं. ते पुढं कायमचंच.

हौसा गेल्या थंडीत गेली. छातीत कफ झाला, मोठ्या दवाखान्यात नेली, आणि तिथल्या शिकलेल्या माणसांना जे येत होतं ते त्यांनी केलं. खांबेटे बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसून होते. त्या दिवशी ते कुणालाच गाढव म्हणाले नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

पोरगी साताऱ्याहून आली. दिवस घातले. हौसाची लुगडी रिवाजाप्रमाणं देऊन टाकली, गोधड्या पोरगी घेऊन गेली. बाबा, तुम्ही पण चला म्हणाली. मी नाही म्हणलं. ती गेली आणि मग घरात बघतो तर हौसाच्या हातचं काही नाही. डबे आहेत, पण डबे बाजारचे. तेव्हा मला गोदाबाई आठवली. हिरवं लुगडं आठवलं, लाल दोरा आठवला. मी सरळ खांबेट्यांकडं गेलो. "गोदाबाई मला पाहिजे."

"मिळणार नाही. गोदाबाई ड्यूटीवर आहेत."

"माझ्या बायकोच्या लग्नातलं लुगडं आहे ते."

"निकम, सोमवारी नवीन बॅच आहे. यांच्या गावात रात्री बाई अडली तर मी काय पाठवू? तुमच्या ट्रंकेत घडी घातलेलं लुगडं?"

"दुसरी शिवून घ्या."

"कुणाकडून?"

मी त्यांना दोन शिव्या दिल्या. फौजेतल्या. त्यांनी ऐकून घेतल्या, आणि म्हणाले, "दुसरीचं व्याकरण चुकलं." त्यानंतर मी जीप चालवायचो, टेबलाखाली बसायचो, पण त्यांच्याशी बोलत नव्हतो. शनिवारी गोदाबाई उसवायच्याही थांबल्या. मला खालून फक्त लुगड्याचा काठ दिसायचा. तेवढ्यासाठी मी टेबलाखाली बसत होतो, खोटं कशाला बोलू.

मग एका सकाळी ऑफिसात ट्रंककॉल आला. खांबेटे वर्गावर होते, फोन मी घेतला. अमृतसरकडच्या खेड्यातून गुरमीत बोलत होता. "निकम जी! सर को बोलना, आपका गाढव बोल रहा हूँ!" रात्री त्याच्या दवाखान्यात एक बाई आली होती. मूल पायाळू. बाहेर कर्फ्यू, मध्येच वीज गेली. "मैंने आँखें बंद कर लीं, निकम जी. हाथ को गोदा बीजी याद थी. कळ आने दी, खींचा नहीं. दोनों ठीक हैं. बीजी को मेरा मत्था टेकना." मी खांबेट्यांना निरोप सांगितला. ते म्हणाले, "बत्ती गेल्यावर डोळे कशाला मिटले? गाढव!" आणि खिडकीकडं तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

मला आनंद झाला नाही असं नाही. पण माझं मागणं काही सुटलं नाही. उलट वाटलं, केलं ना हौसाच्या बाईनं तिचं काम? आता सोडा तिला.

त्याच शुक्रवारी एका दांडग्या डॉक्टरनं वर्गात गोदाबाईंचं पोट टरकावलं. शिवण नाही, लुगडंच फाटलं. मी टेबलाखालून आवाज ऐकला. बाहेर आलो तोवर खांबेट्यांनी तिला चादरीत गुंडाळून आपल्या खोलीत नेलं होतं. "मी बघतो," एवढंच म्हणाले. माझ्या डोक्यात आग. हा माणूस आता सगळा लाल दोरा काढून टाकणार आणि तिथं सर्जनचे टाके घालणार. वर म्हणणार, धावदोरा मला कधीच पसंत नव्हता. शनिवारी सुट्टी होती. मी ठरवलं, आज गोदाबाईला उचलायची आणि घरी न्यायची, नोकरी गेली तर गेली. जीप काढली आणि सेंटरवर गेलो.

खोलीचं दार उघडंच होतं. खांबेटे जमिनीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर गोदाबाई, चष्मा कपाळावर. हिरव्या लुगड्याखाली त्यांनी आतून आपल्या जुन्या धोतराचं ठिगळ लावलं होतं आणि वरून शिवत होते. मी जवळ जाऊन बघितलं. हौसाचा लाल दोरा होता तिथंच होता. त्याच्या शेजारून, त्याला न दुखवता, पांढरा दोरा चालला होता. वाकडातिकडा. धावदोरा.

वर न बघता ते म्हणाले, "ताईंचा एक टाका मी काढलेला नाही. मोजून घ्या."

"धावदोरा? असा टाका घालणाऱ्याला तुम्ही हाकलून देणार होता."

"ताईंनीच शिकवला होता. तुम्ही अंगणात जीप धूत असायचात तेव्हा. मला नापास केलं होतं त्यांनी."

मी उभाच. दोरा संपला. त्यांनी नवा घेतला, तोंडात ओला केला आणि सुईला लावायला गेले. गेला नाही. पुन्हा गेला नाही. सुई डोळ्याजवळ नेली, लांब नेली. मग माझ्याकडं न बघता सुई-दोरा पुढं केला.

मी म्हणलं, "डोळे कशाला? हात बघतो ना तुमचा?"

"हात सगळं बघतो हो. सुईचं भोक तेवढं बघत नाही."

मी खाली बसलो आणि दोरा ओवून दिला. हौसालाही शेवटी शेवटी मीच ओवून द्यायचो. एकदा, दोनदा, मग दोरा संपेल तसा देत राहिलो. मी कशाला आलो होतो ते त्यांना कळलं असणार, कारण बाहेर जीप चालूच ठेवली होती. ती मी उठून बंद करून आलो.

मग म्हणलं, "डॉक्टर, मला भाकरी येत नाही. खिचडी येते. ठेचा जमतो. आज शनिवार आहे. गोदाबाईंना माहेरी आणा."

ते शिवण बघत म्हणाले, "पण आता त्या उसवलेल्या नाहीत."

"पुढच्या शनिवारी उसवतील. तुमच्याकडं सुरी आहे की."

खांबेट्यांचा हात थांबला. "ताईंना माहीत होतं?"

"पहिल्या दोऱ्यापासून."

कुशीच्या शिवणीवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग म्हणाले, "निकम, तुम्ही गाढव आहात," पण इतक्या हळू, की वर्गात म्हणाले असते तर कुणाला ऐकूही गेलं नसतं. आणि पुढचा टाका घातला. तो पार वाकडा गेला, लाल दोऱ्याला ओलांडून पलीकडं. हौसा असती तर तिनं उसवायला लावला असता. मी राहू दिला.